एकहातीं लेखनाचा आरंभ

वर्तमानपत्राला संपादक असतो, उपसंपादक असतात, बातमीदार असतात. एकाची लेखणी थकली तर दुसऱ्याची पुढें सरते. परंतु लेखक तोच, संपादकहि तोच, आणि विषय निवडणाराहि तोच, अशा लेखनाची जात निराळी आहे. कोणाच्या आज्ञेवांचून, स्वतःच्या मताप्रमाणें, पण ठरलेल्या वेळीं लोकांपुढें कांहीं तरी ठेवीत राहावयाचें, असा हा उद्योग. त्याच्या भरभराटीचीं वर्षें सर्वांच्या परिचयाचीं असतात. कारण तोंपर्यंत लेखकाचें नांव झालेलें असतें. आरंभीच्या महिन्यांकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक असें लेखन टिकणार कीं नाहीं हें त्या महिन्यांतच बव्हंशीं ठरून जातें. आणि तें वाचकांच्या संख्येवर ठरतें असेंहि नाहीं.

मराठींत या प्रकाराचें ठळक उदाहरण म्हणजे 'निबंधमाला'. जानेवारी १८७४ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं हें मासिक पुण्यांत सुरू केलें, तेव्हां त्यांच्या वयाला चोवीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. शिक्षकाची नोकरी संभाळून हें काम करावयाचें होतें. मासिक म्हटलें कीं निरनिराळ्या हातांचे लेख, कविता, वृत्तें यांची अपेक्षा असते. येथें तसें कांहीं नव्हतें. सात वर्षांत ८४ अंक निघाले, आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एकाच लेखणींतून उतरला.

पहिल्या अंकाचा विषय होता 'मराठी भाषेची सांप्रतची स्थिति'. ही निवड लक्षांत घेण्यासारखी आहे. नवा लेखक बहुधा दोन मोहांत सांपडतो: एक तर जगांतील सर्व प्रश्न पहिल्याच लेखांत सोडवूं पाहतो, किंवा स्वतःच्या आगमनाची द्वाही फिरवितो. शास्त्रीबोवांनीं हातांतल्या साधनालाच विषय केलें. इंग्रजी शिकलेला मनुष्य मराठींत लिहिण्यावाचण्यास कमीपणा मानीत होता. अशा काळीं मराठी निबंधांच्या मासिकानें प्रथम मराठीचाच प्रश्न उभा करणें हें सयुक्तिक होतें. आपण कोणासाठीं लिहितों आणि त्याच्या मनांतला अडसर कोणता, याचें उत्तर त्या निवडींत आलेलें आहे. देशस्थितीवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध पुष्कळ पुढचा. पहिलीं पावलें भाषा, लेखनशुद्धि, कवित्व अशा आटोक्यांतल्या विषयांवर पडलीं.

हा आरंभ अगदीं कोरा नव्हता, हेंहि सांगितलें पाहिजे. वडील कृष्णशास्त्री यांनीं चालविलेल्या 'शाळापत्रका'शीं त्यांचा संबंध विद्यार्थिदशेपासूनच होता. कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु व दंडी या संस्कृत कवींवरचे त्यांचे लेख तेथेंच आले. हात तेथें बसला. 'निबंधमालें'त स्वातंत्र्य मिळालें. कृष्णशास्त्र्यांनीं अर्धवट ठेवलेलें जॉन्सनच्या 'रासेलस'चें भाषांतरहि त्यांनींच पुरें केलें; आणि या जॉन्सनचें विस्तृत चरित्र पुढें 'मालें'त गोंविलें. एकहातीं नियतकालिक कसें असतें याचा नमुना त्यांना त्याच्यापाशीं सांपडला असल्यास नवल नाहीं.

डॉ. सॅम्युएल जॉन्सननें लंडनमध्यें 'रॅम्ब्लर' हें पत्र २० मार्च १७५० रोजीं काढलें. तें मंगळवारीं व शनिवारीं निघे. दर अंकांत एक निबंध, किंमत दोन पेन्स. इंग्रजी कोशाचें प्रचंड काम त्या वेळीं डोक्यावर होतेंच. नांव सुचेना, तेव्हां तें ठरल्याखेरीज निजावयाचें नाहीं असा निश्चय करून तो बिछान्यावर बसला, आणि सुचलेल्यांतलें त्यांतल्या त्यांत बरें नांव घेऊन मोकळा झाला, असें त्यानें पुढें सांगितलें. पहिल्या अंकाचा विषयहि मौजेचा आहे: अपरिचित लोकांपुढें पहिलें वाक्य कसें बोलावें ही अडचण! आरंभाची भीति लपविण्याऐवजीं त्यानें तिचाच निबंध केला.

या पत्राचा खप पांचशें प्रतींच्या आंतच राहिला. लेखकाचें नांव अंकावर नव्हतें. छापखान्याचा माणूस दाराशीं खोळंबला असतां पुष्कळ निबंध घाईंत पुरे झाले. तरी दोन वर्षांत २०८ अंक निघाले, आणि चारपांच सोडून बाकी सर्व त्याचे स्वतःचे होते. थोडे अंक वाचल्यावर त्याची पत्नी म्हणाली कीं, तुमची योग्यता मी ओळखून होतेंच, पण इतकें चांगलें तुमच्या हातून होईल असें वाटलें नव्हतें. एका वाचकाचा हा अभिप्राय त्याला फार मोलाचा वाटला. १४ मार्च १७५२ रोजीं शेवटचा अंक निघाला. त्यांत आपण लोकांचे फारसे आवडते झालों नाहीं, हें त्यानें मोकळेपणीं लिहून ठेवलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती वाचक स्त्री निवर्तली. पुढें हेच निबंध पुस्तकरूपानें निघून त्याच्या हयातींतच त्यांच्या अनेक आवृत्त्या खपल्या. प्रत्येक अंकाचा खप पाहून जॉन्सननें हात आखडता घेतला असता, तर हीं पुस्तकें झालींच नसतीं.

परंतु नियमितपणा एवढेंच कांहीं आरंभाचें रहस्य नव्हे. दुसरी गोष्ट आवाजाची आहे. ती फ्रान्समधील मोंतेन्य याच्या उदाहरणानें स्पष्ट होते. १५७१ मध्यें, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, न्यायालयाची नोकरी सोडून तो आपल्या वाड्याच्या बुरुजांतील ग्रंथालयांत येऊन राहिला. निवांतपणीं मन स्थिर होईल अशी त्याची कल्पना. पण तें सुटलेल्या घोड्यासारखें चौखूर उधळूं लागलें. त्याचे हे चाळे लिहून ठेवावे, म्हणजे पुढेंमागें त्याचें त्यालाच लाजवितां येईल, या हेतूनें त्यानें लेखणी धरली. त्याचे अगदीं पहिले निबंध आंखूड आहेत. प्राचीन ग्रंथकारांचे दाखले एकापुढें एक मांडलेले, आणि लेखक त्यांच्या आड उभा. हळूहळू दाखले मागें सरले आणि मनुष्य पुढें आला: त्याचें दुखणें, त्याच्या आवडीनिवडी, त्याचे संशय. पहिले दोन भाग १५८० मध्यें निघाले, तिसरा १५८८ मध्यें. आणि १५९२ मध्यें मृत्यु येईपर्यंत तो छापील प्रतीच्या समासांत भर घालीतच होता. पहिलेंच लेखन पाहून 'यांत माझें असें कांहींच नाहीं' म्हणून त्यानें तें टाकून दिलें असतें, तर स्वतःचें असें जें पुढें आलें त्याला वाटच मिळाली नसती. आरंभीचें लेखन उसनें वाटतें तें बहुधा असतेंहि उसनें. तें लिहून संपविल्यावांचून आपलें हातीं लागत नाहीं.

या स्वातंत्र्याची दुसरी बाजूहि आहे, आणि तिचें उदाहरण पुन्हां 'निबंधमालें'तच मिळतें. एकहातीं पत्रांत लेखकाला थांबविणारा कोणी नसतो. शास्त्रीबोवांच्या गद्याला जें तेज आलें तें या मोकळेपणामुळें. पण लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावरील त्यांच्या टीकेंत जो उपहास शिरला, त्यालाहि हाच मोकळेपणा कारण. फुल्यांच्या भाषेंतील अशुद्धावर त्यांनीं जितका भर दिला, तितका त्यांनीं मांडलेल्या गाऱ्हाण्यावर दिला नाहीं. शेजारीं दुसरा संपादक असता तर 'येथें उत्तर राहिलें' एवढें तरी त्यानें समासांत लिहिलें असतें. एकट्यानें लिहिणाऱ्याला हें समासांतलें काम स्वतःच करावें लागतें, आणि त्याची संवय पहिल्या कांहीं लेखांत लागली नाहीं तर पुढें लागणें कठीण. कारण तोंपर्यंत वाहवा करणारे जमलेले असतात.

म्हणून कोणी वाचीत नाहीं असे जे आरंभीचे दिवस, ते वाया गेलेले दिवस समजूं नयेत. चुकण्याची किंमत तेव्हां सर्वांत कमी असते, मत बदलल्यास कोणी जाब विचारीत नाहीं, आणि ठरलेल्या दिवशीं मजकूर पुरा करण्याची शिस्त कोणाच्या डोळ्यांवर न येतां अंगीं बाणते. चिपळूणकर १८८२ मध्यें, बत्तिसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच वारले. पुरेशी तयारी झाल्यावर लिहूं, असें म्हणून ते दहा वर्षें थांबले असते, तर मराठी गद्याला ते ८४ अंक मिळाले नसते.