‘एनए प्लॉट’ म्हणजे नेमकं काय? कर्जत-मुरबाडला टोकन देण्याआधी सातबाऱ्यावर हे बघा

‘मुंबईपासून दीड तास, एनए प्लॉट, क्लिअर टायटल, शेवटचे काहीच प्लॉट शिल्लक.’ अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये राहणाऱ्यांच्या फोनवर असा मेसेज अधूनमधून येतोच. उपनगरात वन बीएचकेचा हप्ता भरणाऱ्याला कर्जत, नेरळ, मुरबाड किंवा शहापूरचा भाव स्वस्त वाटणं साहजिक आहे. रविवारी साइट व्हिजिट होते, गाडी एजंटची, जेवणही त्याचंच. परत येईपर्यंत अनेकांनी टोकन दिलेलं असतं.

पण या पैशांत आपल्या नावावर नेमकं काय होणार?

शेतजमिनीचे दोन-तीन गुंठे घेता येतात का?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर. जाहिरातीतला गुंठा अंतर्गत रस्ता धरून आहे की सोडून, हे आधी विचारून घ्या.

शेतजमिनीच्या बाबतीत दोन कायदे आडवे येतात. १९४८च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. गावी सातबाऱ्यावर नाव असलेला मुंबईकर एजंटला म्हणूनच जास्त आवडतो. दुसरा १९४७चा तुकडेबंदी कायदा. २०२३च्या बदलानंतर राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठे हे किमान क्षेत्र आहे. मंजूर लेआउट नसताना त्याहून लहान तुकडा स्वतंत्रपणे विकता येत नाही.

मग बाजारात दोन गुंठे विकले जातात ते कसे? इथेच खरी मेख आहे. वीस गुंठ्यांचं एकच खरेदीखत होतं आणि खरेदीदार असतात दहा. प्रत्येकाला सांगितलं जातं, ‘हा तुमचा प्लॉट, हे दगड, हे तारेचं कुंपण.’ सातबाऱ्यावर मात्र दहा नावं सामाईक लागतात. कागदावर तुमचा हिस्सा असतो, तुमची हद्द कुठेच नसते. शेजारच्याने रस्त्याच्या बाजूचा तुकडा माझा म्हटलं, तर तुमच्याकडे दाखवायला एजंटने छापलेला रंगीत नकाशाच. पुढे घर बांधायचं किंवा हिस्सा विकायचा म्हटलं की बाकीच्या नऊ जणांच्या सह्यांचा प्रश्न येतो. त्यातला एखादा वारला की त्याचे वारस येतात. अशा हिश्श्यावर बँक सहसा कर्जही देत नाही.

‘आता तुकडेबंदी उठली आहे,’ असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. २०२५ मध्ये सरकारने पावलं उचलली ती प्रामुख्याने शहरी आणि निवासी क्षेत्रांतील जुने, अडकलेले गुंठ्यांचे व्यवहार नियमित करण्यासाठी. त्याचा अर्थ उद्या कुठल्याही शेतातला कोपरा बिनदिक्कत घेता येईल असा नाही.

मग ‘एनए’ कशाला म्हणायचं?

एनए म्हणजे नॉन-अ‍ॅग्रिकल्चर, आपल्या भाषेत बिनशेती. एजंटच्या तोंडी या शब्दाचे तीन अर्थ असतात: एनए झालेला, एनए होणारा आणि ‘आर झोनमध्ये आहे म्हणजे एनएच समजा’. यातला पहिलाच कामाचा. विकास आराखड्यात जमीन निवासी पट्ट्यात असली, तरी २०२५च्या कायदाबदलापूर्वी रूपांतर कर भरून सनद घ्यावी लागत असे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीलाही तेच लागू होतं.

म्हणून सनद किंवा बिनशेती आदेश मागा. सोबत मंजूर लेआउट मागा. त्यानंतरचा कागद बहुतेक जण विचारतच नाहीत: भूमी अभिलेख खात्याने मोजणी करून केलेलं कमी-जास्त पत्रक, म्हणजे क.जा.प. ते झालं की प्लॉटची महसुली दप्तरात वेगळी नोंद होते. लेआउट मंजूर आहे पण क.जा.प. बाकी आहे, असं असेल तर घाई कशाला?

‘इतर हक्क’ रकाना का वाचायचा?

बँकेचा बोजा, कुळाचं नाव, वर्ग-२ची अट, सगळं या रकान्यात सापडतं. कर्जत, शहापूर, मुरबाड पट्ट्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी बऱ्याच आहेत. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार परवानगीशिवाय त्या बिगरआदिवासींना घेता येत नाहीत.

ही नोंद किती महागात पडते, ते मुलुंडकरांना वेगळं सांगायला नको. तिथल्या आणि इतर काही उपनगरांतल्या जमिनींसाठी १९५०च्या दशकात वन कायद्याखाली नोटिसा निघाल्या होत्या. त्यांच्या आणि १९७५च्या खासगी वने कायद्याच्या आधारे, अर्ध्या शतकानंतर, सातबाऱ्यावर ‘खासगी वन’ नोंद चढली. तोवर तिथे इमारती उभ्या राहून लोक राहायला आले होते. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरोधात गेला. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉईसच्या प्रकरणात तो फिरवला, तेव्हा सुटका झाली. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घेण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

रेरा प्लॉटला लागू आहे?

आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा प्लॉट आठपेक्षा जास्त असतील, तर महारेरा नोंदणी हवी. नंबर घेऊन महारेराच्या वेबसाइटवर स्वतः शोधा. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. टोकन देताना हे लक्षात ठेवा.

आणि पाणी?

भातसा, तानसाचं पाणी मुंबईला येतं आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या अनेक गावांत उन्हाळ्यात टँकर फिरतात. साइट व्हिजिट पावसाळ्यात झाली असेल तर एप्रिल-मेमध्ये पुन्हा एक चक्कर मारा. सोबत एजंट नको. गावातल्या दोघा-तिघांना बोअरला पाणी किती फुटांवर लागतं ते विचारा, आणि महावितरणचा खांब प्लॉटपासून किती लांब आहे ते मोजा.

खरेदीखत झालं की काम संपत नाही. तलाठ्याकडे फेरफार पडतो, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. तो मंजूर झाल्यावर डिजिटल सहीचा नवा सातबारा काढून त्यावर आपलं नाव आणि क्षेत्र जुळतंय का, ते तपासा.