जुन्या अंकांची ओढ

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावरील आम्हां गाण्याच्या शौकिनांना जुन्या संगीत-मासिकांची आठवण अजून का येते? गाणे तर आज हवे तेव्हा ऐकता येते.

गांधर्व महाविद्यालय मंडळाने १९४७ साली 'संगीत कला विहार' मासिक सुरू केले. त्याचे संपादक बी. आर. देवधर यांनी गवयांवर लिहिलेले लेख पुढे 'थोर संगीतकार' या ग्रंथात आले.

संगीत-मासिकांत चिजा स्वरलिपीत छापून येत. भातखंडे पद्धतीत स्वराखाली बिंदू म्हणजे मंद्र, वर बिंदू म्हणजे तार. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. परंतु स्वर किती रेंगाळावा, कोठे हलकेच लागावा, हे कागद सांगत नसे. ते जाणत्याला विचारून, गळ्याने शोधावे लागे. गिटारवाल्यांचेही तसेच: सहा तारांच्या सहा रेघा, त्यांवर पडद्यांचे आकडे, बाकी बोटांनी शोधायचे.

आमची ओढ आहे ती या शोधाची. म्हणून जुने अंक रद्दीत देण्यापूर्वी गावच्या वाचनालयास विचारावे. आणि एखादी चीज ध्वनिमुद्रण ऐकण्याआधी स्वरलिपीवरून बसवून पाहावी.