झाडाला पासपोर्ट आहे, व्हिसाचं काय?

रात्रीचे साडेअकरा. पगार नुकताच जमा झालेला. मोबाइलवर पांढऱ्या-हिरव्या पानांचा मॉन्स्टेरा, खाली थाई बाथमध्ये किंमत आणि शेजारी शब्द : 'फायटो इन्क्लुडेड'. एक क्लिक, आणि बँकॉकचं झाड कोथरूडच्या बाल्कनीत! जरा थांबा मंडळी.

झाडं देखणी आहेत, यात वादच नाही. जून 2021 मध्ये अशाच पांढऱ्या छटांचं, जेमतेम आठ-नऊ पानांचं एक झाड न्यूझीलंडमधल्या ऑनलाइन लिलावात 27,100 न्यूझीलंड डॉलरला गेलं. (इतक्यात आपल्याकडे नवीकोरी कार येते.) पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे झाड वाढतं हळू. बियांतून हा रंग येईलच असं नाही, फांदीच लावावी लागते. म्हणून तुटवडा, म्हणून भाव.

आता ते 'फायटो'. रोपावर कीड-रोग नाही, असा विक्रेत्याच्या देशातल्या सरकारी खात्याचा दाखला. म्हणजे झाडाचा पासपोर्ट म्हणा. पण व्हिसा आपल्याकडून लागतो, आणि बहुतेकजण फसतात ते इथेच. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे जिवंत रोप मागवायचं तर आयात परवाना आधी हवा. मुळांना माती नको. रोप ठरावीक विमानतळावर किंवा बंदरावरच उतरणार, तिथे तपासणी होणार. कागद अपुरे असले तर ते परत जाईल किंवा नष्ट होईल, आणि पैसे गेले तुमचे. ऑर्किड किंवा पिचर प्लांट असेल तर सायटिसचा परमिटही लागतो. 'पार्सलवर गिफ्ट लिहून पाठवतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याला सरळ टाटा करा.

एका कुंडीसाठी एवढा थाट? पुणेकरांनी तरी हे विचारू नये. रस्तोरस्ती माजलेलं गाजरगवत मूळचं अमेरिका खंडातलं, आणि भारतात ते नजरेत आलं 1955 मध्ये, पुण्यातच. 2008 मध्ये कोइमतूरला पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण सापडला. त्याने बागाच्या बागा बसवल्या. शेवटी 2010 मध्ये त्याचा शत्रू असलेला इवलासा कीटक पोर्तो रिकोहून आणावा लागला. तुमच्या मॉन्स्टेराच्या देठाशी तसाच पांढरा कापूस दिसला तर?

त्यापेक्षा परवाना काढून रोपं आणणाऱ्या इथल्याच नर्सरीकडून घ्या. चार पैसे जास्त जातील, पण झाड इथल्या हवेला रुळलेलं मिळेल. घाई नसेल तर आणखीच छान. 'थाई कॉन्स्टेलेशन' मॉन्स्टेरा टिश्यू कल्चरने भरपूर तयार व्हायला लागला आणि त्याचा भाव दणकन उतरला.

तरीही रीतसर परदेशातूनच मागवलंत, तर रोप आल्यावर आधी पानांची खालची बाजू भिंगातून बघा. इतर कुंड्यांपासून लांब, ओलसर मॉसमध्ये, झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा. कडक ऊन नको. आणि नवीन पान फुटेपर्यंत खताची पुडी कपाटातच राहू द्या.