आठ फूट जास्तीचं पाणी

पुण्याचा वारसा आणि पर्यटन या विषयावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं की लेखणी आपसूक शनिवारवाड्याकडे वळते. तिथून पर्वती, विश्रामबागवाडा, आणि शेवटी सिंहगड. याच यादीच्या वाटेवर, सिंहगड रस्त्यानं जाताना रविवारी सकाळी गाड्या जिथे हमखास खोळंबतात, ती जागा मात्र यादीत कधी नसते. मला तिथेच थांबावंसं वाटलं. उजव्या हाताला पाणी, पलीकडच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हिरवळ, अलीकडे कणसाच्या शेगड्यांचा धूर आणि कांदाभजीचा वास. खडकवासला तलावाकाठच्या या जागेला लोक चौपाटी म्हणतात. इथे आलेल्या शंभरातल्या नव्वद माणसांच्या घरी सकाळी जे पाणी आलं, ते याच तलावाचं असतं. फोटो काढताना पाठीमागे जी भिंत येते, तिच्याबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही.

खडकवासल्याचं धरण १८६९च्या सुमाराला सुरू झालं आणि दहाएक वर्षांत उभं राहिलं. कर्नल फाईफ या लष्करी इंजिनिअरची ही योजना, म्हणून इंग्रजी अमदानीत तलावाचं नाव लेक फाईफ. पाच हजार फुटांहून लांब अशी ही दगडी चिणाईची भिंत. त्या काळी एवढी उंच दगडी धरणं बांधण्याचा अनुभव इथे फारसा कोणाला नव्हता. भिंत मुळातच थोडी कमकुवत ठरली, म्हणून मागच्या अंगाला मातीचा भराव घालून तिला आधार द्यावा लागला. धरणातून दोन कालवे निघाले, डावा आणि उजवा. शहराला नळाचं पाणी मिळालं, पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला. सरकारी इतिहास इतक्यात आटोपतो. मला ज्यानं धरून ठेवलं, ते पुढे आहे.

धरणाच्या भिंतीचा एक भाग मुद्दाम ठेंगणा ठेवलेला असतो. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून नदीत जातं. हा सांडवा. लेक फाईफच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात सहा ते आठ फूट पाणी वाहून जाई. आषाढ-श्रावणात डोळ्यांदेखत वाहून गेलेलं हे पाणी चैत्र-वैशाखात शहराला आणि कालव्याला हवं असे. सोपा उपाय म्हणजे सांडव्याची भिंत आठ फूट वाढवायची. पण मग पुराच्या दिवशी पाण्याची पातळीही तितकीच वर चढणार, आणि आधीच भरावाच्या टेकूवर उभ्या असलेल्या भिंतीवर तो भार टाकायचा कसा? तेव्हा हवी होती अशी अडवणूक, जी पाणी धरून ठेवील आणि पूर आला की स्वतःहून वाट सोडील.

मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या एका इंजिनिअरनं हा प्रश्न हाती घेतला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्याच कॉलेज ऑफ सायन्समधून शिकून ते १८८४मध्ये खात्यात दाखल झाले होते. नाशिक, खानदेश, सक्कर, सुरत अशा बदल्या करून ते पुन्हा पुण्यात आले. सांडव्याच्या माथ्यावर ओळीनं लोखंडी दारं बसवायची आणि ती उघडण्याचं काम माणसाकडे न देता पाण्याकडेच सोपवायचं, असं त्यांनी ठरवलं. १९०३च्या सुमाराला ही दारं बसली.

ही रचना कागदावर काढून पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिच्यातच अडकलो. दाराला साखळी, साखळी कप्पीवरून पलीकडे, आणि पलीकडच्या टोकाला वजन. हे वजन एका बंदिस्त विहिरीत लोंबकळतं. विहीर कोरडी असेपर्यंत वजन आणि दार यांचा तोल असा असतो की दार मिटलेलं राहतं. तलावातून विहिरीत येणाऱ्या वाटेचं तोंड नेमकं ठरवलेल्या पातळीवर ठेवलेलं. पाणी त्या पातळीच्या वर आलं की विहिरीत शिरतं आणि वजन बुडतं. आडातून पोहरा ओढताना तो पाण्यात असेपर्यंत हलका लागतो आणि पाण्याबाहेर आला की हाताला ओढ बसते, हे ज्यांनी पाणी शेंदलंय त्यांना सांगायला नको. बुडालेलं वजन तसंच हलकं होतं, तोल ढळतो आणि दार उघडतं. पूर ओसरला, तलावाची पातळी खाली आली, की विहिरीत नवं पाणी येणं थांबतं. आत साठलेलं पाणी तळाच्या लहान वाटेनं झिरपून जातं, वजनाला मूळचा भार परत येतो आणि दार मिटतं.

पावसाळ्याचं शेवटचं पाणी मागे राहतं ते या मिटण्यामुळे. उघडणारं दार अनेकांना सुचलं असतं, पण वेळेवर बंद होणाऱ्या दारात खरी हुशारी आहे. पूर सरताना घाई केली तर भिंत धोक्यात, उशीर केला तर वर्षाचं पाणी गेलं. मध्यरात्री, मुसळधार पावसात, कंदील घेऊन सांडव्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला हा क्षण नेमका पकडता आला नसता. या दारांमुळे मूळ भिंत न वाढवता तलावात आठ फूट जास्तीचं पाणी उभं राहिलं, म्हणजे साठा जवळपास पाव पटीनं वाढला. विश्वेश्वरय्यांनी या रचनेचं पेटंट घेतलं, पण सरकारकडून स्वामित्वधन घेतलं नाही. सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे वेगळे पैसे कसे घ्यायचे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर हीच कल्पना गेली. कृष्णराजसागर पाहायला लाखो लोक जातात आणि विश्वेश्वरय्यांचं नाव घेतात. त्या दारांचा जन्म ज्या सांडव्यावर झाला, तो पुणेकरांच्या रोजच्या रस्त्यावर आहे.

मग १२ जुलै १९६१. वरच्या अंगाला पानशेतचं मातीचं धरण पुरतं तयार झालेलं नव्हतं. त्या सकाळी ते फुटलं. त्याचं सगळं पाणी खडकवासल्याच्या अंगावर आलं, आणि काही तासांनी ही भिंतही गेली. नदीकाठच्या पेठांमधले शेकडो वाडे, देवळं, दप्तरं त्या दिवशी पाण्यात गेली. पुण्याचा जुना चेहरा एका दिवसात किती बदलला, हे गोखलेनगरात आणि सहकारनगरात पूरग्रस्त म्हणून राहायला आलेल्या घरांमध्ये अजून ऐकायला मिळतं. तिथले म्हातारे लग्नं आणि जन्म 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर' असे सांगतात. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीला टेकले होते. पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले. साठएक वर्षांपूर्वी ज्या धरणाच्या सांडव्यासाठी त्यांनी इतका विचार केला, ते त्यांच्या हयातीतच फुटलेलं होतं.

धरण दुरुस्त झालं. आज पुराचं पाणी वक्राकार दरवाज्यांतून सोडतात, आणि किती सोडायचं ते माणसं ठरवतात. ते ठरवणं सोपं नाही. खडकवासल्याची साठवण जेमतेम १.९७ टीएमसी. वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सत्तावीस टीएमसीहून जास्त पाणी उभं असतं, आणि त्या तिघांचं पाणी उतरतं ते याच लहानशा तलावात. जुनं दार फक्त आपल्या तलावाची पातळी ओळखत असे. आता वर घाटात काय पडतंय, खाली शहरात भिडे पुलाशी पाणी कुठवर आलंय, याचा हिशेब आधीच मांडावा लागतो. २५ जुलै २०२४ला विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या वर गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. सूचना कधी दिली, कोणाला दिली, यावर नंतर बरीच खडाजंगी झाली. दरवाज्यापाशी उभ्या असलेल्या माणसावरचं ओझं १९०३पेक्षा कितीतरी वाढलंय, एवढं मला त्यातून कळलं.

चौपाटीवर कणसं भाजणाऱ्या एका मावशींना मी धरणाबद्दल विचारलं. "दारं उघडली म्हणजे माणूस लोटतो बघा इथं," त्या म्हणाल्या, "पण मग गर्दी झाली म्हणून आम्हालाच आधी उठवत्यात." मीठ-लिंबू चोळत त्यांनी पुढे सांगितलं की सासूबाईंच्या तोंडून त्यांनी पुराची गोष्ट ऐकलीय, पण दारं पूर्वी आपोआप हलायची हे मात्र कधी कानावर आलं नव्हतं. त्यांना ते खरं वाटेना. मी वजनाचं आणि विहिरीचं सांगितल्यावर त्यांनी शेगडीवरचं कणीस फिरवायचं थांबवलं आणि विचारलं, "मग वजन काढायचं कोण?" इतका अचूक प्रश्न मला इंजिनिअरिंगच्या पोरांनीही विचारलेला नाही. त्यांच्यासारख्या माणसाला हे यंत्र पाहायला मिळावं, असं मला फार मनापासून वाटतं.

ते दाखवायचं कसं, हा खरा पेच आहे. धरणावर सर्वसामान्यांना जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण वाडा जपायला भिंती आणि तुळया सांभाळल्या तरी भागतं, यंत्राचं तसं नाही. साखळी आणि वजन काचेच्या पेटीत मांडलं तर ते भंगार दिसेल. त्यात पाणी चढताना आणि दार हलताना दिसायला हवं. यासाठी फार लांब जायला नको. धरणाच्या पायथ्याशीच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६मध्ये मुंबई सरकारच्या पाटबंधारे खात्याचा एक लहानसा कक्ष म्हणून ते सुरू झालं. देशभरातली बंदरं, नद्या, सांडवे यांची लहान प्रमाणातली प्रतिरूपं तिथे बांधतात, त्यांत खरं पाणी सोडतात आणि ते कसं वागतं ते मोजतात. विश्वेश्वरय्यांच्या एका दाराचं माणसाच्या उंचीएवढं चालतं प्रतिरूप त्यांच्या हाताला मुळीच अवघड नाही. ते चौपाटीच्या कोपऱ्यावर उभं करावं आणि पोरांना स्वतः पाणी ओतू द्यावं.

पण चौपाटी कोणाची? तलाव आणि भिंत जलसंपदा खात्याची, पलीकडचा काठ संरक्षण खात्याचा, संशोधन केंद्र दिल्लीच्या अखत्यारीतलं, आणि गाव जून २०२१ पासून पुणे महापालिकेत. गावात आणि तलावाच्या वरच्या अंगाला इमारती, फार्महाउसं, हॉटेलं वाढत चालली आहेत. त्यांचं सांडपाणी कुठे जातं, हा प्रश्न दर उन्हाळ्यात पाण्याला वास आला की निघतो. शंभर वर्षांहून जुन्या सिंचन कामांना वारसा म्हणून मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय योजना आहे. तेलंगणातल्या सदरमट्ट बंधाऱ्याला आणि पेद्दा चेरुवूला २०१८मध्ये ती मिळाली. खडकवासला वयानं आणि कामानं त्याच पंगतीत बसतो. त्यासाठी या सगळ्या मालकांनी एका टेबलापाशी यायला हवं.

मला सगळ्यात जास्त धास्ती कालव्याची वाटते. डाव्या कालव्याचं काय झालं ते एरंडवण्यात राहणाऱ्यांनी पाहिलंय. पाणी गेलं, रस्ता उरला, आणि त्याला कॅनॉल रोड का म्हणतात हे नव्या पिढीला सांगावं लागतं. उजवा कालवा अजून पर्वतीच्या पायथ्यावरून, हडपसरवरून पुढे दौंड-इंदापूरकडे वाहतो. सप्टेंबर २०१८मध्ये तो दांडेकर पुलाजवळ फुटला आणि झोपड्यांमधल्या माणसांचे संसार वाहून गेले, त्यामुळे त्याचं उघडं वाहणं धोक्याचं आहे हे मी नाकारत नाही. गळती, बाष्पीभवन आणि पाणीचोरी टाळण्यासाठी खडकवासला ते फुरसुंगी असा सुमारे अठ्ठावीस किलोमीटरचा बोगदा करायची योजना आहे. दुष्काळी तालुक्यांचं पाणी वाचत असेल तर बोगदा व्हावा. शहरातली कालव्याची जमीन मग मोकळी होईल, आणि मोकळ्या जमिनीवर पुण्यात काय उभं राहतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून बोगद्याचं काम सुरू होण्याआधी या कालव्यावरचे जुने दगडी पूल, मोऱ्या, दरवाजे यांची मोजणी आणि छायाचित्रण व्हावं, जलसंपदा खात्याच्या दप्तरात लेक फाईफचे आणि स्वयंचलित दारांचे जे नकाशे असतील ते उंदीर-वाळवीच्या आधी बाहेर काढून त्यांच्या प्रती कराव्यात, आणि त्यांतली एक प्रत खडकवासल्याच्या शाळेत असावी.