अंशशोधन : कणशोधकाच्या आकड्याला अर्थ कोठून येतो

आकडा आणि ऊर्जा

कणशोधकातून बाहेर पडतो तो एक विद्युत स्पंद. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने त्याची उंची ४०० अशी नोंदवली, तरी कणाने शोधकात किती ऊर्जा सोडली हे त्या आकड्यावरून कळत नाही. ज्ञात ऊर्जेचे कण शोधकात सोडून आकडा आणि ऊर्जा यांचे नाते ठरवणे म्हणजे अंशशोधन. प्रयोगशाळेत त्याला सर्रास कॅलिब्रेशनच म्हणतात. या क्षेत्रातील उपयोजित भौतिकशास्त्रज्ञाचा बराचसा काळ हे नाते ठरवण्यात आणि ते टिकून आहे की नाही हे पुन:पुन्हा तपासण्यात जातो. नव्या कणाचा कोणताही दावा अखेर याच कामावर उभा असतो.

आकाशातून मिळणारे प्रमाण

ज्ञात कणांचा सर्वांत स्वस्त पुरवठा विश्वकिरणांचा. अवकाशातून आलेले प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरांत हवेच्या अणुकेंद्रांवर आदळतात, त्यातून पायॉन निर्माण होतात आणि त्यांच्या क्षयातून म्यूऑन. म्यूऑन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे २०७ पट जड असतो. त्याचे सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद, तरीही त्याचा वेग प्रकाशवेगाच्या इतका जवळ असतो, की सापेक्षतेच्या नियमाने तो जमिनीपर्यंत पोहोचतो. आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याच्या कापसाच्या शेतावर आणि मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छतावर हा वर्षाव जवळजवळ सारखाच असतो. ज्ञात ऊर्जेचे झोत देणारा प्रवेगक दारव्ह्यात नाही, पण अंशशोधनाचा पहिला प्रयोग तेथील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही करता येण्याजोगा आहे.

तीन पट्ट्यांची मांडणी

सिंटिलेटर प्लास्टिकमधून विद्युतभारित कण गेला की त्यात क्षीण प्रकाश उमटतो. फोटोमल्टिप्लायर नळी त्या प्रकाशाचे मोजता येईल अशा स्पंदात रूपांतर करते. अशा तीन पट्ट्या एकाखाली एक ठेवतात. वरच्या आणि खालच्या पट्टीत एकाच क्षणी स्पंद आला, तर म्यूऑन मधल्या पट्टीतून गेलाच असला पाहिजे. मधली पट्टी ही परीक्षार्थी. अशा १०,००० घटनांपैकी ९,६०० वेळा तिने प्रतिसाद दिला, तर तिची कार्यक्षमता ९६ टक्के, आणि तीत संख्याशास्त्रीय अनिश्चितता सुमारे ०.२ टक्का.

याच नोंदींतून ऊर्जेचे मापही हाती येते. एक सेंटीमीटर जाड प्लास्टिकमध्ये वेगवान म्यूऑन सरासरी सुमारे २० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सोडतो. मात्र स्पंदांचा आलेख सममित नसतो. उजवीकडे त्याचे लांब शेपूट असते. त्यामुळे शिखर सरासरीच्या अलीकडे, सुमारे १८ लाखांवर पडते. समजा, कण नसतानाचा मूळ आकडा ५० आहे आणि शिखर ४०० वर आले. मग ३५० अंश म्हणजे १८ लाख, म्हणून एक अंश म्हणजे सुमारे ५,१०० इलेक्ट्रॉन व्होल्ट. शिखराऐवजी सरासरी धरली, तर येथेच दहा टक्क्यांची चूक होते.

किरणोत्सारी स्रोतांचा पडताळा

एका बिंदूवरून रेषा ठरत नाही. दुसरा बिंदू हवा. तो किरणोत्सारी समस्थानिकांकडून मिळतो. सीझियम-१३७ चा गॅमा किरण ६.६२ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा, तर कोबाल्ट-६० चे दोन किरण ११.७३ आणि १३.३२ लाखांचे. हे आकडे अणुकेंद्राच्या रचनेतून येतात. हवामान वा यंत्र बदलल्याने ते बदलत नाहीत. प्लास्टिकमध्ये सीझियमचे स्वच्छ शिखर दिसत नाही, कारण हलक्या अणूंत गॅमा किरण पूर्ण शोषला न जाता विखुरतो. दिसतो तो विखुरणाचा कडा, ४.७७ लाखांवर. वरच्या उदाहरणात तो सुमारे १४३ या आकड्याशी यायला हवा. १६० ला आला, तर यंत्रणा रेषीय नाही किंवा मूळ आकडा सरकला आहे, हे उघड होते.

काही स्रोत मातीतच असतात. पोटॅशियम-४० चा १४.६१ लाखांचा किरण कोणत्याही शेतात सापडतो आणि सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात तो स्पष्ट दिसतो. दारव्हा परिसराखालचा बेसाल्ट युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम या तिन्ही बाबतींत ग्रॅनाइटपेक्षा गरीब असल्याने तेथील पार्श्वभूमी तुलनेने शांत असते.

माप सरकण्याची कारणे

फोटोमल्टिप्लायरच्या व्होल्टेजमध्ये एक टक्का फरक पडला, तर स्पंदाची उंची सुमारे सात टक्क्यांनी बदलू शकते. तापमानाचा परिणाम दर अंश सेल्सिअसला टक्क्याच्या काही दशांशांचा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हिवाळ्यात पहाटे दहाच्या आसपास उतरतो. जानेवारीत ठरवलेले माप मे महिन्यात वापरणे म्हणूनच धोक्याचे. वायूने भरलेल्या शोधकांत वायूची घनताही बदलते. शिवाय प्रमाण म्हणून वापरलेला वर्षावही पूर्ण स्थिर नाही : हवेचा दाब वाढला की म्यूऑनांची संख्या किंचित घटते.

मोठ्या प्रयोगांतील उपयोग

उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात सुमारे ४०० सिंटिलेटर शोधक आणि ५६० चौरस मीटरची म्यूऑन दुर्बीण आहे. दाबाचा व तापमानाचा परिणाम काटेकोरपणे वजा केल्यामुळेच तेथे १ डिसेंबर २०१४ च्या वादळी ढगातील सुमारे १.३ अब्ज व्होल्टचे विभवांतर म्यूऑनांच्या घटीवरून काढता आले. जिनिव्हाजवळील सीएमएस शोधकाच्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमापकाच्या उभारणीत टाटा संस्थेचा मोठा वाटा आहे. प्रोटॉनांच्या टकरी सुरू होण्यापूर्वी, २००८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्या शोधकाने विश्वकिरणांच्या सुमारे २७ कोटी घटना टिपल्या. त्यांतून त्याच्या भागांची जुळणी व मापे तपासली गेली.

खिशावरचा शोधक

क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञाच्या छातीवरचा बॅज हाही शोधकच. भारतात वापरल्या जाणाऱ्या बॅजमध्ये डिस्प्रोसियममिश्रित कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. प्रयोगशाळेत तापवल्यावर त्या साठलेल्या मात्रेच्या प्रमाणात प्रकाश देतात. त्या प्रकाशाचा मात्रेशी संबंध ज्ञात मात्रा दिलेल्या चकत्यांवरून ठरतो, आणि ती ज्ञात मात्रा तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय प्रमाणाशी जोडलेली असते. तालुक्याच्या रुग्णालयातील आकडा आणि राष्ट्रीय प्रमाण यांतील एक दुवा जरी तुटला, तरी कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेचा हिशेब चुकतो.

मर्यादा

म्यूऑनने ठरवलेले माप लाखांच्या पट्टीतले असते. त्याच रेषेने हजारो अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत जाणे विश्वासार्ह नाही. तेथे प्रवेगकातील ज्ञात ऊर्जेचे झोत किंवा झेड बोसॉनचे ९१.१९ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट हे सुपरिचित वस्तुमान प्रमाण म्हणून घ्यावे लागते. दुसरी अडचण खोलीची. कोलार सुवर्णक्षेत्रात जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर १९६५ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद झाली. तेथे म्यूऑन कोट्यवधी पटींनी विरळ असणे हाच प्रयोगाचा आधार होता. पण तेवढ्या खोलीवर अंशशोधनाला पुरेसे म्यूऑन मिळत नाहीत, त्यामुळे अशा प्रयोगांत म्यूऑनांवर आधारलेले शोधकाचे माप जमिनीवर असतानाच ठरवावे लागते आणि खाली उतरवल्यावर ते टिकले की नाही हे कृत्रिम स्रोतांनी पाहावे लागते.