ओली घासाई (वाहन रंगकाम)

ओली घासाई ही वाहनाच्या नव्याने रंगवलेल्या पत्र्याचा पृष्ठभाग पाणी आणि अतिशय बारीक कणांचा घासकागद वापरून सपाट करण्याची प्रक्रिया आहे. त्यानंतर रबिंग कंपाउंड व पॉलिश लावून पृष्ठभागाला चकाकी आणली जाते. गॅरेजमधील बोलीत या कामाला 'वॉटर पेपर मारणे' आणि 'रबिंग-पॉलिश' म्हणतात.

गरज

फवारलेला रंग क्वचितच आरशासारखा सपाट बसतो. त्यात धूलिकण अडकतात, जाड थराचे ओघळ उतरतात किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. या शेवटच्या दोषाला 'ऑरेंज पील' असे नाव आहे. हवा फार उष्ण असेल, तर रंगाचे थेंब पसरून एकजीव होण्याआधीच त्यांतील थिनर उडून जातो आणि हा दोष वाढतो. त्यामुळे यवतमाळसारख्या कडक उन्हाळ्याच्या जिल्ह्यात संथ उडणारा थिनर वापरणे आणि सकाळच्या थंड वेळी रंग फवारणे हिताचे ठरते. बंदिस्त फवारणी-कक्ष नसलेल्या कार्यशाळेत रस्त्यावरची धूळ आणि कापसाच्या हंगामात हवेत उडणारे तंतूही ओल्या रंगावर बसतात.

इतिहास

कोरड्या घासकामात विषारी शिसेयुक्त रंगाची धूळ कारागिरांच्या श्वासात जात असे. फ्रान्सिस ओकी यांच्या कल्पनेवर आधारित पाणरोधक घासकागद अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणला. त्यामुळे धूळ पाण्यातच बसू लागली. त्यानंतरच्या काही वर्षांत लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींवर वापरात आले. त्याला चमक आणण्यासाठी घासाई आवश्यक असल्याने या कागदाचा प्रसार झाला. अशा कागदावर सहसा सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात.

पद्धत

रंग पूर्ण वाळल्यावरच काम सुरू करतात. वाळण्याचा काळ रंगाच्या प्रकारावर व तापमानावर अवलंबून असल्याने उत्पादकाने दिलेली मुदत पाळावी लागते. कागद काही वेळ पाण्यात भिजवून रबरी ठोकळ्यावर गुंडाळतात. नुसत्या बोटांनी घासल्यास दाब असमान पडून चर उमटतात. पाण्यात साबणाचे काही थेंब टाकल्यास कागद सहज सरकतो.

प्रथम १५०० क्रमांकाचा, मग २००० आणि शेवटी २५०० किंवा ३००० क्रमांकाचा कागद वापरतात. क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक. प्रत्येक टप्प्यात घासण्याची दिशा बदलल्यास आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाहीत, हे कळते. अधूनमधून पाणी निपटून पृष्ठभाग तपासतात. तो सर्वत्र सारखा मंद दिसला, की थांबावे. चमकणारे ठिपके हे अजून न घासलेले खोलगट भाग असतात. पाण्यात पडलेला वाळूचा एक कणही खोल ओरखडा उमटवतो, म्हणून बादलीतील पाणी वारंवार बदलतात.

पॉलिशच्या टप्प्यात लोकरी पॅडने कंपाउंड आणि मऊ फोमच्या पॅडने बारीक पॉलिश लावतात. यंत्र एकाच जागी धरल्यास रंग तापून जळतो.

मर्यादा व दक्षता

घासाई म्हणजे थर कमी करणे. घासून गेलेला रंग पॉलिशने परत येत नाही. कारखान्यात रंगवलेल्या बहुतेक मोटारींवर सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. तो माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो. तो फार पातळ झाला, तर काही उन्हाळ्यांनंतर रंग विटतो व पापुद्रे सुटतात. म्हणून मोजके धूलिकण असतील तिथे संपूर्ण पत्रा न घासता तेवढीच जागा घासतात. कडा आणि घड्यांवर रंग पातळ बसत असल्याने तिथे मास्किंग टेप लावतात. मॅट रंगावर ही प्रक्रिया करत नाहीत, कारण त्यामुळे नको असलेली चमक येते.

रंगाखालच्या पॉलिएस्टर पुट्टीला मात्र पाणी लावणे टाळावे. ती पाणी शोषते आणि पुढे पत्र्याला गंज चढतो किंवा रंगाला फुगे येतात. पुट्टी कोरडीच घासावी आणि त्या वेळी मास्क वापरावा. विंधन विहिरीचे कठीण पाणी पत्र्यावर वाळल्यास क्षारांचे डाग पडतात; म्हणून काम संपताच पृष्ठभाग स्वच्छ धुऊन मऊ कापडाने पुसतात.