सातेरीच्या रक्तातला डोंगर

मळवलीभोवती लोहगड-विसापूरच्या डोंगरात ढोलीत नाहीतर कपारीत राहणारी सातेरी मधमाशी लहानखुरी असते. तिच्याच जातीची काश्मिरी माशी अंगाने चांगलीच मोठी. मोठे शरीर थंडीत ऊब धरून ठेवते, हे त्याचे एक संभाव्य कारण.

असे फरक पिढ्यान्‌पिढ्या जनुकांतून निवडले जातात. यात खरी गंमत नरांची. नर अफलित अंड्यातून जन्मतो, म्हणून त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच. घातक जनुक झाकायला दुसरी प्रतच नाही, ते लवकर चाळले जाते. त्यात राणी उडता उडता अनेक नरांशी मीलन करते, म्हणजे एकाच पोळ्यात अनेक बापांच्या लेकी नांदतात. निवडीला वाण भरपूर!

अशी निवड डोंगरात जनुकांवर कुठे ठसा उमटवते, हे पाहायला केनियातल्या डोंगरी आणि सपाटीवरच्या मधमाश्यांचे जनुकसंच ताडून पाहिले गेले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ठळक फरक दोनच गुणसूत्रांच्या तुकड्यांत सापडला. बाकी संच जवळजवळ सारखाच.

मावळात पेटी ठेवायची तर इथल्या पावसात टिकलेली सातेरीच बरी, असे माझे मत. युरोपीय मेलिफेरा मध जास्त देते खरी, पण व्हरोआ हा परजीवी माइट सातेरी अंगावरून ओढून काढते. मेलिफेराला ते तितकेसे जमत नाही.